बाहेरच्या खात्याचे टपाल

इनबॉक्समध्ये आलेले ई-मेल कोणी पाठवले, कोणत्या पत्त्यावर आले आणि त्याच्या विषयाच्या ओळीत कोणते शब्द आहेत एवढे पाहून ते परस्पर ठरावीक कप्प्यात नेऊन ठेवण्याची जी सूचना संगणकाला एकदाच देऊन ठेवता येते, तिला वर्गवारीचा नियम म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात तिला ‘फिल्टर’ हा शब्द रुळला आहे. सोय साधी असली तरी ज्या कार्यालयाचे काम आज ई-मेलवर चालते, त्याच्या दृष्टीने आवक लिपिकाचे निम्मे काम तिच्यात सामावलेले असते. असे असूनही संगणकावर आणि मोबाइलवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक ई-मेल प्रोग्रॅममध्ये ही सोय त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या खात्यापुरतीच मिळते; दुसऱ्या सेवेचे खाते त्याच प्रोग्रॅमला जोडले, तर त्यातले टपाल दिसते, वाचता येते, त्याला उत्तरही देता येते, पण त्याची आपोआप वर्गवारी होत नाही. अशा जोडलेल्या, म्हणजे बाहेरच्या, खात्यांचा वापर अमरावती आणि अकोल्यासारख्या शहरांतल्या छोट्या कार्यालयांत फार मोठा आहे. एकाच संस्थेचे टपाल तीन-चार खात्यांत येत असते, त्यामुळे या उणिवेचा भार तिथे सर्वांत जास्त पडतो.

नियमाची रचना समजायला अवघड नाही. त्याचा एक भाग ‘अट’ असतो आणि दुसरा ‘कृती’. पाठवणाऱ्याचा पत्ता विद्यापीठाचा असेल, ही झाली अट. ते पत्र ‘विद्यापीठ’ या कप्प्यात ठेवावे आणि त्यावर खूण करावी, ही झाली कृती. अशा अटी आणि कृती एकाखाली एक लिहून ठेवल्या की आलेले प्रत्येक पत्र त्यांच्यापुढून जाते, जिथे अट लागू पडते तिथे कृती होते आणि कोणतीच अट लागू पडली नाही तर पत्र इनबॉक्समध्येच राहते. ही कल्पना काही अलीकडची नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत टॉमस मलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इन्फर्मेशन लेन्स’ नावाची एक प्रायोगिक प्रणाली बनवली आणि सामान्य माणसाला स्वतःच्या टपालासाठी स्वतःचे नियम लिहिता यावेत हाच तिचा हेतू होता. १९९० मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी युनिक्स संगणकांसाठी लिहिलेला ‘प्रॉकमेल’ हा प्रोग्रॅम पुढे अनेक विद्यापीठांच्या सर्व्हरवर हेच काम करत राहिला. थोडक्यात, ज्या सोयीच्या अभावाची ही चर्चा आहे ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे आणि म्हणूनच तिच्या अभावाला तांत्रिक अडचणीचे कारण पुरेसे ठरत नाही.

वर्गवारी कधी आणि कुठे व्हावी हा या विषयाचा गाभा आहे आणि कागदी टपालाने त्याचे उत्तर फार पूर्वीच दिलेले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वऱ्हाडचे टपाल रेल्वेवर आले. अमरावती शहर या मुख्य मार्गावर नसून बडनेऱ्याहून फुटणाऱ्या शाखेवर आहे. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या पत्रांतली अमरावतीची पत्रे वेगळी काढून बडनेऱ्याला उतरवणे भागच होते, आणि बडनेरा येण्याआधी ती निवडून झालेली नसतील तर ती गाडीबरोबर पुढे नागपूरला जाणार हे उघड होते. रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘आरएमएस’च्या, डब्यात भिंतीला लावलेल्या खणांसमोर उभे राहून कर्मचारी चालत्या गाडीत पत्रे निवडत, ते यासाठीच. पत्र घेणाऱ्याने यात काहीही करायचे नसे. तो झोपलेला असो, गावाला गेलेला असो किंवा त्याच्या दाराला कुलूप असो, त्याचे पत्र त्याच्या पेठेच्या पोस्टमनच्या गठ्ठ्यात येऊन पडलेले असे.

या निवडीला अंकांची जोड मिळाली ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी, पिनकोडची पद्धत सुरू झाली तेव्हा. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी मराठी होते आणि संस्कृत कवी-नाटककार म्हणूनही त्यांची ओळख होती. एकाच नावाची अनेक गावे, पत्त्याच्या वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या, चुकीचे किंवा अपुरे पत्ते या सगळ्यांतून पत्राला वाट काढून देणारी खूण म्हणून सहा अंकांची ही रचना झाली. अकोल्याचा पिनकोड ४४४००१ आणि अमरावतीचा ४४४६०१. दोहोंचे पहिले तीन अंक सारखेच आहेत, कारण पहिल्या तीन अंकांनी वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि उरलेल्या तीन अंकांनी प्रत्यक्ष डाकघर. ई-मेलच्या नियमातली अट करते ते याहून वेगळे नाही. पत्र उघडून वाचण्याची गरज नसते, पाकिटावरची एक ठरलेली खूण पाहिली की ते कुठे जायचे ते ठरते.

डाकघराच्या पुढचा टप्पा कार्यालयाचा. वऱ्हाडातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या कोणत्याही, शासकीय कार्यालयात टपाल आधी आवक शाखेत येते, त्याला आवक क्रमांक पडतो, नोंदवहीत त्याची नोंद होते, अधिकारी त्यावर शेरा मारतात आणि मग ते संबंधित संकलनाच्या किंवा कार्यासनाच्या लिपिकाकडे जाते. लिपिकाच्या टेबलावरही ते ढिगात पडून राहू नये म्हणून सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे: प्रलंबित प्रकरणांचा एक गठ्ठा, उत्तराची वाट पाहत असलेल्या प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा, नियतकालिक अहवालांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा पाचवा आणि नष्ट करायच्या कागदांचा सहावा. याशिवाय कागद किती काळ जपायचा यासाठी अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग आहेत; ‘अ’ वर्गातला कागद कायमचा जपायचा असतो, तर ‘ड’ वर्गातला वर्षभरात निकाली निघतो. ज्या प्रदेशात कागदाच्या वर्गवारीचा एवढा बारीक विचार पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला आहे, त्याच प्रदेशातल्या कर्मचाऱ्याला संगणकासमोर बसल्यावर मात्र सगळे टपाल एकाच ढिगात घेऊन ते हाताने निवडावे लागावे, ही गोष्ट खेदाची आहे.

असे का होते हे समजण्यासाठी ई-मेल कुठे उतरते आणि कुठून वाचले जाते यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. पत्र प्रथम उतरते ते सर्व्हरवर, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या दिवसरात्र चालू असणाऱ्या संगणकावर. वाचणाऱ्याच्या समोरचा प्रोग्रॅम किंवा मोबाइलमधले अ‍ॅप ही त्या सर्व्हरकडे उघडणारी केवळ एक खिडकी असते. खिडकी आणि सर्व्हर यांच्यात बोलण्याचे जे संकेत जगभर मान्य झाले, त्यांत १९८४ मधला ‘पॉप’ पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेण्यापुरता होता, तर १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलेल्या ‘आयमॅप’मुळे पत्रे सर्व्हरवरच ठेवून ती अनेक ठिकाणांहून पाहणे आणि एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवणे शक्य झाले. आज एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले जाते ते बहुधा आयमॅपच्याच आधारे. मात्र आयमॅपमध्ये एक मोठी जागा रिकामी राहिली: पत्र हलवण्याची आज्ञा त्यात देता येते, पण ‘यापुढे असे पत्र आले की ते तिकडे हलव’ ही कायमची सूचना सर्व्हरला देण्याची तरतूद त्यात नाही.

ही रिकामी जागा भरण्याचा प्रयत्न झाला नाही असे नव्हे. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने जानेवारी २००१ मध्ये ‘सीव्ह’ नावाची एक छोटी नियमभाषा प्रसिद्ध केली आणि जानेवारी २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. सीव्ह म्हणजे चाळणी. अकोल्याच्या डाळ मिलमध्ये तूर भरडण्याआधी वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांवरून जाते आणि दाण्याच्या आकाराप्रमाणे आपापल्या वाटेला लागते, त्याच अर्थाने हे नाव दिलेले आहे. या भाषेत लिहिलेला नियम सर्व्हरवर राहतो, पत्र उतरताक्षणी चालतो, आणि तो प्रमाणभूत भाषेत असल्यामुळे एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवर नेता येतो. असे नियम दूरच्या प्रोग्रॅममधून सर्व्हरवर कसे ठेवायचे याचाही संकेत ‘मॅनेजसीव्ह’ या नावाने जुलै २०१० मध्ये ठरला. जगभर मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘डव्हकॉट’ या मुक्त मेल-सर्व्हरमध्ये सीव्ह चालवणाऱ्या भागाचे नाव ‘पिजनहोल’ आहे. इंग्रजीत कबुतरखान्याच्या ढोलीला हा शब्द आहे आणि आरएमएसच्या डब्यातल्या पत्रे निवडण्याच्या खणालाही हाच. खणांची ती जुनी कल्पना नव्या यंत्रणेत इतकी तंतोतंत उतरलेली होती.

पण मोठ्या कंपन्यांनी या वाटेने जाण्याचे टाळले. गूगलने २००४ मध्ये जीमेल आणले, तेव्हा त्यात फिल्टर होते आणि ते सर्व्हरवरच चालत होते, पण ते गूगलच्या स्वतःच्या पद्धतीचे होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवरचे नियमही त्याच कंपनीच्या पद्धतीचे राहिले. दोन्ही व्यवस्था आपापल्या घरात उत्तम चालतात. अडचण उभी राहते ती एकाच्या खिडकीतून दुसऱ्याच्या घरातले टपाल पाहताना, कारण खिडकीला समोरच्या सर्व्हरवर नियम लिहिण्याचा संकेतच उपलब्ध नसतो, आणि स्वतः नियम चालवायचे तर तिला सतत जागे राहावे लागते. टेबलावरच्या संगणकातले प्रोग्रॅम हे काम करीत आले आहेत. मोझिलाच्या ‘थंडरबर्ड’मध्ये कोणत्याही सेवेच्या प्रत्येक खात्यासाठी वेगळे फिल्टर लिहिता येतात. मात्र ते चालतात थंडरबर्ड उघडा असेपर्यंतच. कार्यालय सायंकाळी बंद झाले, संगणक बंद झाला किंवा उन्हाळ्यात वीज गेली, की वर्गवारी थांबते आणि त्या वेळात मोबाइलवर पाहणाऱ्याला पुन्हा तोच ढीग दिसतो.

अलीकडच्या काळात परिस्थिती सुधारण्याऐवजी काही बाबतींत मागे गेली आहे. विंडोज १० सोबत येणाऱ्या ‘मेल’ या प्रोग्रॅममध्ये वर्गवारीचे नियम लिहिण्याची सोय नव्हती. ३१ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा आधार संपला आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या आउटलुकमध्ये नियम होते, पण ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या खात्यांसाठी. जीमेल किंवा याहूसारखे बाहेरचे खाते जोडणाऱ्याला नव्या प्रोग्रॅमच्या आरंभी ते मिळाले नाहीत, जरी जुन्या आउटलुकमध्ये आयमॅप खात्यांनाही नियम लावता येत असत. आयफोनवर आयक्लाउडच्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांसाठी सर्व्हरवरचे नियम आहेत, बाहेरच्या खात्यांसाठी नाहीत. जीमेलच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये दुसऱ्या सेवेचे खाते जोडता येते, पण त्याला गूगलचे फिल्टर लागत नाहीत. खुद्द जीमेलच्या खात्यासाठीही फिल्टर लिहायचा तर संगणकावरच्या ब्राउझरमध्ये जावे लागते. यावर एक जुना उपाय होता, तो म्हणजे जीमेललाच बाहेरच्या खात्यातली पत्रे पॉपच्या मार्गाने ओढून आणायला सांगणे, म्हणजे ती पत्रे गूगलच्या सर्व्हरवर उतरत आणि त्यांना फिल्टर लागू होत. ही सोयही मागे घेण्याचे गूगलने २०२५ मध्ये जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षे तिच्यावर आपली व्यवस्था बसवली होती, त्यांची मांडणी या निर्णयाने मोडली.

याचा परिणाम कुठे होतो हे पाहायचे तर अमरावती विभागातल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयाकडे पाहावे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. अशा महाविद्यालयाचे एक खाते बहुधा फार पूर्वी कोणीतरी उघडलेले जीमेलचे असते आणि तेच सर्व शासकीय नोंदींत गेलेले असते. दुसरे संस्थेच्या स्वतःच्या नावाचे, संकेतस्थळाबरोबर घेतलेले असते. तिसरे मूल्यांकनाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या कामासाठी वेगळे काढलेले असते आणि त्याचा पासवर्ड ज्या कर्मचाऱ्याकडे असतो तो कधी बदलून गेलेलाही असतो. कार्यालय अधीक्षक ही तिन्ही खाती मोबाइलच्या एकाच अ‍ॅपमध्ये जोडतात आणि ‘सर्व इनबॉक्स’ या नावाखाली विद्यापीठाची परीक्षाविषयक परिपत्रके, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाची पत्रे, शिष्यवृत्तीच्या अर्जांबाबतचे निरोप, पुस्तकविक्रेत्यांच्या याद्या, कार्यशाळांची निमंत्रणे आणि बँकेच्या सूचना एकाखाली एक येत राहतात.

या पत्रांकडे जवळून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. विभागीय कार्यालयातून येणाऱ्या अनेक ई-मेलची विषयाची ओळ रिकामी असते किंवा तिथे फक्त ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहिलेले असते. मूळ पत्र सही-शिक्क्यासह स्कॅन करून पीडीएफच्या रूपात जोडलेले असते, त्या फाइलचे नाव स्कॅनरने दिलेल्या आकड्यांचे असते, आणि माहिती विहित नमुन्यात उलट टपाली सादर करण्याची कालमर्यादा त्या पीडीएफच्या तिसऱ्या परिच्छेदात असते. विषयाची ओळ वाचून हे पत्र ओळखता येत नाही. माणसालाही नाही आणि यंत्रालाही नाही. ते ओळखण्याची एकमेव खूण म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि पत्त्यावरून निवड करण्याचे काम नियम सर्वांत अचूक करतो. तोच नियम जिथे मिळत नाही तिथे ते पत्र पुस्तकविक्रेत्याच्या यादीखाली सरकते, दुसऱ्या दिवशी पडद्याच्या बाहेर जाते, आणि स्मरणपत्र आल्यावर त्याचा शोध सुरू होतो. ‘पत्र मिळाले नाही’ असे सांगणारा कर्मचारी अशा वेळी खोटे बोलत नसतो. पत्र त्याच्यापर्यंत पोचलेलेच नसते, ते फक्त इनबॉक्समध्ये उतरलेले असते.

कायदा मात्र हा फरक मानत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधल्या कलम १३ नुसार, दोन्ही पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तर, पत्र घेणाऱ्याने जो संगणकीय पत्ता त्यासाठी नेमून दिला आहे तिथे ते शिरताच ते मिळाले असे धरले जाते. ते वाचले गेले की नाही हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावणी मानलेली आहे. अकोल्याच्या एखाद्या जिनिंग कारखानदाराला किंवा सरकीच्या व्यापाऱ्याला नोंदणी रद्द का करू नये अशी कारणे दाखवा नोटीस आली, तर उत्तर देण्यासाठी ७ कामाचे दिवस असतात. नोंदणीचा पत्ता बहुधा कर सल्लागाराच्या सूचनेवरून उघडलेल्या वेगळ्या खात्याचा असतो. व्यापारी रोज पाहतो ते दुकानाचे खाते, आणि त्याच्या मोबाइलमध्ये ते कराचे खाते बाहेरचे म्हणून जोडलेले असते. ऐन हंगामात, कापसाची आवक चालू असताना, गाठींचे सौदे, वाहतूकदारांच्या पावत्या आणि बँकेचे निरोप यांच्या गर्दीत ती नोटीस सात दिवस नजरेआड राहणे मुळीच अवघड नाही. बजावणीचा क्षण सर्व्हरवर मोजला जातो. मग निवडीचे साधनही सर्व्हरवर, प्रत्येक खात्याला आणि प्रत्येक माणसाला उपलब्ध असणे ही न्यायाची किमान अपेक्षा आहे.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांपुढे या प्रश्नाची आणखी एक बाजू उभी राहते, आणि तिच्याकडे ही साधने बनवणाऱ्यांचे लक्ष गेल्याचे क्वचितच दिसते. नियमात ‘परीक्षा’ हा शब्द अट म्हणून लिहिला, तर विषयाच्या ओळीत ‘परीक्षेचे वेळापत्रक’ किंवा ‘परीक्षांबाबत’ असे आल्यास तो लागू पडेलच असे नाही, कारण मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि शेवटचा स्वर बदलतो. ज्या सेवा शब्दाचा काही भागही जुळवून पाहतात तिथे ‘परीक्ष’ एवढेच लिहून काम भागते. ज्या संपूर्ण शब्दच जुळवतात तिथे प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. त्यातच ‘परिक्षा’ असे ऱ्हस्व लिहिणाऱ्यांची संख्या थोडी नसते. खुद्द ‘वऱ्हाड’ हा शब्द याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘ह’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, अक्षरे जोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि ‘ह’. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एका कळफलकावरून लिहिलेला ‘वऱ्हाड’ दुसऱ्या कळफलकावरून लिहिलेल्या नियमाला ओळख देत नाही. नियम बरोबर लिहूनही चालत नाही असे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला चूक स्वतःची वाटते, आणि तो नियम लिहिण्याचा नाद सोडून देतो.

हाताशी असलेले उपाय थोडे आहेत, पण ते माहीत असणे उपयोगाचे आहे. पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे नियम खिडकीत न शोधता ज्याच्या त्याच्या घरी लिहिणे: प्रत्येक खात्यात संगणकावरच्या ब्राउझरमधून थेट प्रवेश करायचा आणि त्या सेवेच्या सेटिंगमध्ये कप्पे व फिल्टर तयार करायचे. सर्व्हरवर एकदा निवड झाली की तेच कप्पे आयमॅपने जोडलेल्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये दिसू लागतात, मग त्या अ‍ॅपमध्ये नियमांची सोय असो वा नसो. संस्थेच्या स्वतःच्या नावाचे जे खाते संकेतस्थळाबरोबर मिळते, त्याच्या नियंत्रण पानावरही बहुधा फिल्टरची जागा असते. संकेतस्थळ बनवून देणारा ती दाखवून जात नाही आणि कार्यालयाला ती आहे हेच कळत नाही. दुसरा उपाय म्हणजे जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडून तो पत्ता कामापरत्वे देणे. पत्र त्याच खात्यात येते, पण पत्त्यातल्या त्या शब्दावरून त्याची निवड करता येते, आणि हा शब्द रोमन अक्षरांत असल्याने वर सांगितलेली लिपीची अडचणही येत नाही.

सर्व खात्यांतले टपाल आपोआप एकाच खात्याकडे वळवणे हा अनेकांना सुचणारा तिसरा उपाय, पण तो जपून वापरावा लागतो. वळवलेले पत्र मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने पण तिसऱ्याच सर्व्हरवरून येत असल्याने घेणाऱ्या सेवेला ते बनावट वाटू शकते आणि ते स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचे जाते. शासकीय खात्यांच्या बाबतीत तर हा मार्ग बंदच आहे. केंद्र सरकारच्या २०१५ मधल्या ई-मेल धोरणाने शासकीय पत्त्यावरचे टपाल कर्मचाऱ्याच्या बाहेरच्या खासगी खात्याकडे वळवण्यास सुरक्षेच्या कारणासाठी मनाई केलेली आहे, आणि ती रास्त आहे.

कायमचा उपाय संकेतांच्या पातळीवरच होऊ शकतो आणि त्या दिशेने काही हालचाल झालेली आहे. आयमॅपची जागा घेऊ पाहणारा ‘जेमॅप’ हा नवा संकेत २०१९ मध्ये ठरला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जोडीने सीव्हचे नियम हाताळण्याचा संकेतही प्रसिद्ध झाला. ज्या खिडकीतून पत्रे वाचायची तिच्यातूनच, सेवा कोणाचीही असो, सर्व्हरवरचे नियम लिहिता-बदलता येतील अशी ही रचना आहे. मोठ्या सेवांनी ती स्वीकारली तर बाहेरचे खाते आणि घरचे खाते असा भेद वर्गवारीपुरता तरी उरणार नाही. त्यांनी ती स्वीकारावी यासाठी वापरणाऱ्यांच्या हातात जे थोडे आहे, ते खरेदीच्या कागदावर आहे. महाविद्यालये, सहकारी बँका, बाजार समित्या आणि कृषी संस्था ठरावीक वर्षांनी संकेतस्थळ व ई-मेल सेवेसाठी दरपत्रके मागवतात, आणि त्या मागणीपत्रात साठवणुकीची जागा, खात्यांची संख्या आणि वार्षिक दर एवढेच रकाने असतात. त्यात आणखी तीन रकाने घालता येतील: वर्गवारीचे नियम सर्व्हरवर चालतात काय, ते सीव्ह या प्रमाणित भाषेत बाहेर काढून दुसऱ्या सेवेवर नेता येतात काय, आणि नियमातला देवनागरी मजकूर जुळवताना ‘वऱ्हाड’ची दोन्ही रूपे एकच धरली जातात काय.